फोटो अजून यायचा आहे

देवजी भोईर तीस वर्षं महापेच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तेवढ्या काळात त्यांचा एक पाना कधी हरवला नाही. घणसोली गावात कुणाच्या हळदीला कोण रुसलं, कुठला ओटा कोणत्या साली बांधला, हे त्यांनाच विचारावं. विचारलं नाही तरी ते सांगत, हा भाग वेगळा.

म्हणून गावाच्या जुन्या फोटोंची साइट काढायची ठरली तेव्हा काम आपसूक त्यांच्याकडे आलं. सून अक्षता ऐरोलीला एका कंपनीत प्रोग्रॅमर. तिनं दोन रविवार खपून साइट बनवली, क्लाउडवर फुकट मिळणाऱ्या जागेत चढवली आणि सासऱ्यांना पासवर्ड दिला. त्यांनी फोटो निवडायचा, खाली नावं लिहायची आणि बटण दाबायचं, एवढंच.

देवजी रोज एका घरची तसबीर उतरवून आणत, काच पुसून मोबाइलवर तिचा फोटो काढत आणि दिवेलागणीच्या आत ती परत तिच्या खिळ्यावर नेऊन लावत. दिवा लागताना गेलेल्या माणसाचा खिळा रिकामा दिसू नये, हा त्यांच्या आईचा दंडक. मोबाइल जुना, जागा कमी. फोटो साइटवर दिसला की मोबाइलमधला ते पुसून टाकत.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी साइट उघडली. खाली नावं होती, पण वर फोटोंच्या जागी करडे चौकोन आणि त्यांत लिहिलेलं, ‘फोटो अजून यायचा आहे’.

देवजींनी स्वतःलाच विचारलं, नावं लिहिली आणि फोटो चढवायलाच विसरलो? विसरलो ते विसरलो, वर पुसूनही टाकला? ते गुपचूप पुन्हा त्याच घरांत गेले, उजेड कमी पडला होता म्हणून सांगितलं आणि फोटो पुन्हा चढवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. मग त्यांनी वही केली. प्रत्येक फोटोपुढे लिहायचं, ‘चढवला. डोळ्यांनी पाहिला.’ सकाळी वही एक सांगे, साइट दुसरंच. आता आपण वहीतही खोटं लिहायला लागलो, असं त्यांना वाटलं, आणि ते फार घाबरले.

कारण थोरल्या भावाचं, कोंडिबांचं, असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या हरवू लागल्या. देवजी म्हणत, दादा, मीच हलवल्या रे. शेवटी कोंडिबांनी ताट वाढणाऱ्या देवजींनाच विचारलं होतं, ‘तू कोनाचा रं?’

मागच्या आळीतल्या वनिताकाकींनी अक्षताला गाठून सांगितलं, सासरे एकच तसबीर तिसऱ्यांदा घेऊन गेले, जरा बघ. शनिवारी सकाळी तिनं चहा पुढे ठेवून हलकेच विषय काढला. देवजींनी वही तिच्या हातात दिली.

“डाक्टरकडं घेऊन चल, बाय. पन पोराला एवढ्यात सांगू नको.”

अक्षतानं वही वाचली, लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, चूक तिची होती. त्या क्लाउडवर एकदा साइट चढवली की तिथं फक्त वाचता येतं, नवं काही लिहिता येत नाही. लिहायला एक तात्पुरता कोपरा असतो, घाईत तिनं फोटो तिथंच पाठवले होते. कुणी साइट बघत नसलं की तिथलं मशीन झोपतं आणि जागं होताना तो कोपरा झाडून स्वच्छ करतं. नावं वेगळ्या ठिकाणी साठत होती, म्हणून ती टिकली. आणि तो चौकोन, ते गोड वाक्य, तेही तिचंच.

देवजी ऐकून मंद हसले. त्यांना यातलं एक अक्षर खरं वाटलं नाही. किल्ल्या हलवल्याचं त्यांनीही दादाला इतक्याच मायेनं सांगितलं होतं.

अक्षताच्या ते लक्षात आलं. तिनं घरच्याच भिंतीवरची कोंडिबांची तसबीर उतरवून आणली. बाबा, तुम्हीच चढवा, म्हणाली. त्यांनी फोटो चढवला आणि दोघांनी तो साइटवर पाहिला. मग तिनं लॅपटॉपवरून ते क्लाउडवरचं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. देवजींनी हात मांडीवर घट्ट ठेवले होते. पान पुन्हा उघडलं. फोटो अजून यायचा आहे.

“म्हंजे मी चढवला व्हता,” देवजी म्हणाले.

“हो बाबा. प्रत्येक वेळी.”

त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. अक्षताही रडली, आणि माफी मागायची राहूनच गेली. दुपारपर्यंत तिनं फोटोंसाठी क्लाउडवर वेगळी, कायमची जागा जोडून दिली. मग देवजींनी कोंडिबांचा फोटो पुन्हा चढवून स्वतः तीनदा मशीन बंद करून पाहिलं. फिटरच तो, एकदा तपासून त्याचं समाधान कसलं होणार! कोंडिबा तिन्ही वेळा जागेवर होते.

दिवेलागणीच्या बऱ्याच आधी देवजींनी तसबीर खिळ्यावर लावली, ती सरळ केली आणि काचेवर हात ठेवला.

“दादा,” ते हळूच म्हणाले, “मना सगला ध्यानात हाय.”

मग ते वही घेऊन वनिताकाकींकडे चौथ्यांदा तसबीर मागायला गेले.