वहिनीचा चढा आवाज

माझी वहिनी न्यायाधीश आहे आणि तिचा आवाज इतका हळू आहे, की जेवताना तिने मीठ मागितलं तर दादा आधी पंखा बंद करतो. लेकीला रागवायचं असलं तर ती तिच्या कानाशी जाऊन रागावते. लेक म्हणते, "आई, ऐकू नाही आलं, पुन्हा रागव." अशा बाईबद्दल वकिलांनी लिहिलं, 'आरडाओरडा करतात.' मला आधी हसू फुटलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं शिवणकामाचं दुकान कोर्टासमोर आहे. वकिलांचे काळे गाऊन मी शिवते, त्यामुळे तिथल्या बातम्या मला घरबसल्या मिळतात. घरी मला ठिणगी म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमच्याकडे दर काही वर्षांनी वकील न्यायाधीशांना गुण देतात, वर दोन ओळींचा शेराही लिहितात. गुण कमी पडले की खुर्ची गेली. वहिनीला ही खुर्ची कुणी ताटात वाढून दिलेली नव्हती. तिचे आजोबा दूरच्या मुलुखातून इथे मजुरीला आले. त्यांच्या काळ्या रंगाची, कुरळ्या केसांची माणसं त्या इमारतीत झाडू मारताना दिसायची, आरोपीच्या पिंजऱ्यात दिसायची, पण वरच्या खुर्चीत कधीच नाही. त्यात ही बाई. लेकीला मांडीवर थोपटत तिने कायदा घोकला. कामाच्या पहिल्याच दिवशी एका वकिलाने तिलाच विचारलं, "साहेब कधी येणार?" ती म्हणाली, "आल्या आहेत. बसा."

या खेपेला मात्र तिचे गुण घसरले. गुण तपासणाऱ्या समितीने बोलावणं धाडलं, की समोर येऊन खुलासा करा, नाहीतर मुदत वाढणार नाही.

त्याच आठवड्यात एक वकील गाऊनचं माप द्यायला आला. मी कोण, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. गप्पांच्या ओघात म्हणाला, "बाई हुशार आहेत हो, पण त्या लोकांचा आवाजच चढा."

"तुम्ही ऐकलात?"

"मी असं नाही... सगळेच म्हणतात."

गळ्याचं माप मी जरा आवळूनच घेतलं.

घरी जाऊन मी वहिनीला म्हटलं, "मी येते समितीपुढे. एकेकाची हजेरी घेते."

"नको गं बाई. तू तोंड उघडलंस तर म्हणतील, बघा, सगळं घरच तसलं." ती हसली. मग दादाला म्हणाली, "मी खरंच ओरडते का रे? मला आठवत नाही. पण इतके जण म्हणतात म्हणजे कधीतरी ओरडलेच असेन." खुर्ची जायची तेव्हा जाईल, ही बाई स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती.

बोलावण्यासोबत आलेले शेरे ती पुन्हा वाचत बसली आणि एकाएकी खुदकन हसली. एकाने तक्रार केली होती, 'बाई सर्वांसमोर म्हणाल्या, तुमचा दावा म्हणजे गळकी बादली, किती ओतलं तरी रिकामीच.' वहिनी म्हणाली, "हे तर शेजारच्या साहेबांचं वाक्य!"

शेजारचे साहेब म्हणजे बाजूच्या कोर्टाचे न्यायाधीश. गोरेपान, उंच, आणि आवाज असा की जिन्यातली कबुतरं उडावीत. आठवड्यातून एकदा मोठ्या दाव्यांसाठी दोघं एकत्र बसतात. दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. साहेब बोलतात, वहिनी निकाल लिहिते. त्या दिवशी ती चकार शब्द काढत नाही.

सुनावणीला मी दुकान बंद करून मागच्या बाकावर बसले, तोंडाला कुलूप लावून. वहिनीने एकच विनंती केली. शेजारच्या साहेबांना बोलवा आणि माझ्यावरचे शेरे मोठ्याने वाचा. समितीच्या अध्यक्षांनी वाचायला घेतलं. गळक्या बादलीशी पोचतात न पोचतात तोच साहेब ताडकन उठले.

"अहो, हे माझं आहे! बाईंच्या नावावर कसं गेलं?"

चोर पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पुढचे शेरे वाचले. तेही त्यांचेच निघाले आणि दर वेळी ते जास्तच खूश होत गेले. मग अध्यक्षांनी साहेबांच्या नावावरचे शेरे काढले. तिथेही कुणीतरी बादलीचं कौतुक केलं होतं, 'साहेब मिश्किल आहेत, कोर्टात हशा पिकवतात.' आणि त्याखाली, 'आई आजारी असताना साहेबांनी न मागता पुढची तारीख दिली, फार समजूतदार.'

"तारीख बाईंनी लिहून दिली होती," साहेब ओशाळून म्हणाले. "मी नकोच म्हणत होतो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मग आता काय करायचं? साहेबांचे गुण कमी करू?"

"नको," वहिनी म्हणाली. ऐकण्यासाठी अख्खी समिती टेबलावर वाकली. "माझे त्यांच्याइतके करा."

समितीने गुण पुन्हा मोजले आणि खुर्ची राहिली. कुलूप विसरून मी अशी शिट्टी मारली, की शिपायाने मला बाहेर काढलं. पाठोपाठ ती दोघंही बाहेर आली. साहेब जरा खट्टू दिसत होते.

"बाई, एक विचारू? मी इतका ओरडतो, तर इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगत होते की, साहेब," वहिनी म्हणाली. "दर वेळी सांगत होते. फक्त मला."