पास झालेलं कोलेस्टेरॉल

बाबांना हार्ट अटॅक आला, त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांचं कोलेस्टेरॉल पास झालं होतं. 'पास' हा शब्द त्यांचाच. बाबा आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये शिपाई होते. निकालाच्या दिवशी गुणपत्रकांचा गठ्ठा वर्गावर्गात तेच न्यायचे, आणि लाल रेघ कुणाच्या वाट्याला आली हे त्यांना मुलांच्या आधी कळायचं. त्यांच्या पगारावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, बेंगळुरूला नोकरीला लागलो. ते इथे बसवनगुडीत माझ्याकडे राहायला आल्यावर मी त्यांची सगळी तपासणी करून घेतली. तो कागदही त्यांनी गुणपत्रकासारखाच वाचला. आकडा, शेजारी हद्द, आकडा हद्दीत. "पास!"

आणि मग एका सकाळी भाजी घेता घेता छातीत कळ. वेळेत हॉस्पिटल गाठलं, स्टेंट बसवला, औषधांची पिशवी घेऊन घरी आलो. बाकीच्या गोळ्या बाबा निमूट घ्यायचे. कोलेस्टेरॉलची तेवढी बाजूला ठेवायचे.

"ज्या विषयात पास झालो, त्याची आता शिकवणी कशाला?"

ती गोळी सोडू नका, असं हॉस्पिटलात बजावून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या अटॅकच्या भीतीनं मला कामात लक्ष लागत नव्हतं. पण त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मनापासून वाटत नव्हतं.

त्यात खाली अक्का. आमच्या घरमालकीण, ऐंशीच्या पुढच्या, तीन पिढ्या इथेच असलेल्या मराठी घरातल्या. बाबांची चौकशी करायला वर आल्या आणि म्हणाल्या, "माझं कोलेस्टेरॉल तर केवढं वर गेलेलं, अण्णा! डॉक्टर घाबरलं. मी स्वल्पसुद्धा घाबरले नाही." सोबत आणलेल्या डोशावर लोण्याचा गोळा होता. तो डोसा अर्थात त्यांचा स्वतःचा.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "बघ. नापास बाई लोणी खातायत आणि पास झालेला मी पलंगावर."

ऑफिसच्या बसमध्ये मी वाचू लागलो. कुणी लिहिलं होतं की कोलेस्टेरॉलचा सगळा बागुलबुवा औषधवाल्यांनी उभा केलाय. कुणी लिहिलं होतं, तोच एकमेव शत्रू. दोघांनाही कसलीच शंका नव्हती, आणि माझ्या बाबांसारख्या माणसाबद्दल दोघेही काही सांगत नव्हते. आमच्या शाळेत शंका विचारली की वर्ग हसायचा, त्यामुळे मला ती सवय नाही. तरी पुढच्या तपासणीला मी धीर करून डॉक्टरांना विचारलंच. "मॅडम, आकडा बरोबर असताना अटॅक आला. मग यात कोलेस्टेरॉलचा हात आहे की नाही?"

डॉक्टर इकडच्याच, साधारण माझ्या वयाच्या. त्या हिंदीत बोलत, मी बाबांना मराठीत सांगत होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"असे पेशंट आम्हाला नेहमी भेटतात. हद्दीच्या आत अटॅक येतच नाही, असं नसतं. धोका कमी असतो, एवढंच. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं साठत जातं. त्या भिंतीला इजा करणारे बाकीचेही असतात. रक्तदाब, साखर," आणि त्यांची नजर बाबांच्या खिशातल्या फुगवट्यावर गेली, "तंबाखू. कधीपासून?"

याचं मराठी करावं लागलं नाही. "शाळेत लागलो तेव्हापासून," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "तिला विचार. काच फुटली की आमचे हेडमास्तर ज्याच्या हातात बॅट दिसेल त्यालाच धरायचे, बाकीची पोरं पळालेली असायची. तसंच चाललंय का हे?"

मी भीतभीत हिंदी केलं. त्या मोठ्यानं हसल्या. "सरी, सरी! बरोबर आहे, बाकीचे होतेच, अंकल. पण बॅटही कोलेस्टेरॉलच्याच हातात होती ना? तुमचं वय मी कमी करू शकत नाही. तंबाखू तुम्हीच सोडायची. हे मात्र गोळीनं खाली आणता येतं. आणि एकदा अटॅक आला की ती जुनी हद्द तुमची नाही. तुमची पुष्कळ खाली."

"त्या दिवशीच का आला, ते?" मी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला का कोण जाणे, आवडलं.

रिक्षा घरापाशी थांबली. गेटपाशी अक्का झाडांना पाणी घालत होत्या. बाबा थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अक्का, तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी नाही ना घेत?"

"घेते की! रोज रात्री. लेक फोन करून विचारते, गिळलीस का म्हणून."

"मग तो वर गेलेला आकडा?"

"ते गोळीच्या पूर्वीचं हो, अण्णा. आताचं सांगण्यात काय मजा?"

बाबा गेटला धरून हसले. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच. त्या रात्री त्यांनी ती गोळी घेतली.

माझं वाचन चालूच आहे. बॅट कुणाच्या हातात होती ते कळलं, बाकीची पोरं किती आणि कोण, ते अजून नीट कळलेलं नाही. परवा बाबांच्या खिशात पुन्हा तोच फुगवटा दिसला आणि मी चपापलो. त्यांनी ते ओळखलं. तंबाखूची डबी काढली, सवयीनं झाकणावर टिचकी मारली आणि उघडून दाखवली. आत गोळ्यांची पट्टी होती, कात्रीनं डबीच्या मापाची कापलेली.

"पुढच्या तपासणीत आकडा काय येतो बघू," ते म्हणाले. "फक्त आता पास म्हणायचं नाही."