मंगलीबाईची तिसरी पेटी

मोहाची फुलं पडायला लागली की मंगली आत्रामचं डोकं तापलेलंच असतं. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाड गाठावं लागतं, नाहीतर गावातली गुरं फुलं खाऊन मोकळी. आणि नेमक्या याच दिवसांत मधमाश्यांनाही घर सोडायची हुक्की येते. मोह वेचावा की माश्या राखाव्यात? ही दोन्ही कामं एकाच महिन्यात कुणी घातली, हे विचारायला ती माणूस शोधत होती.

तिचं गाव अहेरीपासून तासाभराच्या वाटेवर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात लेक रंजीता आणि घरजावई सुरज. घर मात्र मंगलीचं. भाताच्या गंजापासून कुलपाच्या किल्लीपर्यंत दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपत नसे. घरामागच्या सांदवाडीतल्या मधपेट्यांना तर मुळीच नाही.

मधमाश्या पाळायला शिकवणाऱ्या धम्मदीपने तिला दोन पेट्या दिल्या होत्या. दोन्हीतल्या माश्या एकेका उन्हाळ्यात उठून गेल्या. गावाला फुकटची करमणूक झाली. "मंगलीबाईच्या पेट्या म्हणजे अहेरीचं बसस्टँड," शेजारचा लच्छू म्हणायचा, "गाडी लागते, गाडी सुटते."

तिसऱ्या पेटीतल्या माश्या मात्र तिने स्वतः येनाच्या झाडाच्या ढोलीतून काढल्या होत्या. एकेक पोळं अलगद कापून, दोऱ्याने चौकटीला बांधून, अर्धा दिवस घातला होता. भरल्या बाजारात तिने सांगून टाकलं, "ह्या गेल्या तर पेट्या चुलीत घालीन, अन् पुन्हा माशीचं नाव घेणार नाई." आता ही पेटी टिकली पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

धम्मदीपने धडा सोपा दिला होता. फागुनापासून दर आठ दिवसांनी पेटी उघडायची. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी कोठी लोंबताना दिसली, तर तिच्यात नवी राणी वाढते आहे. म्हणजे माश्या निघायच्या बेतात आहेत. कोठी मोडून टाकायची.

ती मोडत होतीही. पण मोहाचा भर आला आणि एका आठवड्याला पेटी पाहायची राहून गेली.

त्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन परतली, तर रंजीता सांदवाडीत पाण्याची बादली घेऊन उभी.

"माय, माश्या उठल्या. पाणी मारलं, पण नाई थांबल्या. नाल्याकडे गेल्या."

मंगलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला बोलली, जावयाला बोलली, नाल्यालाही बोलली. मग पेटी उघडली. आत निम्म्या माश्या शिल्लक होत्या आणि पोळ्याच्या कडेला सात कोठ्या लोंबत होत्या. तिने सातही चिरडल्या.

"माय, धम्मदीपभाऊले फोन लावू काय?"

"त्याले काय विचारतं? पोरगी होती ते पळाली. माय घरातच हाय. ह्या साती जन्मल्या तर उरलेल्याही पळवून नेतीन."

हिशेब सरळ होता. वयात आलेली पोर घर सोडते आणि आई घरात राहते. मंगलीने सात पिढ्यांत दुसरं काही पाहिलं नव्हतं. रंजीताच तेवढी राहिली, तीही घरजावई आणला म्हणून.

आठ दिवसांनी आणखी दोन कोठ्या दिसल्या. मंगलीने त्याही चिरडल्या आणि स्वतःवर खूश झाली.

मोह संपल्यावर तिने पेटी निवांत उघडली, तर माश्या उगाच भणभणत होत्या. अळी एकही नव्हती. आता मात्र तिने स्वतःच धम्मदीपला बोलावलं. त्याने एकेक चौकट उन्हाला धरून पाहिली.

"मंगलीबाई, राणी नाई हो. अंडंही नाई."

"काऊन नाई? म्हातारी तर आतच होती!"

"म्हातारीच जाते, बाई. निम्म्या माश्या घेऊन आधी आईच निघते. भरलं घर लेकीसाठी ठेवते. तुम्ही लेकी मारल्या."

मंगली उसळली. "हे कोणती रीत हाय? आपण बांधलेलं घर लेकीले देऊन म्हातारी झाडावर जाऊन बसते? येडी हाय काय?"

"पण तुमचं पेटी पाहणं राहिलं तवा घरी कोणी पाह्यलं नाई काय?" धम्मदीपने विचारलं.

रंजीता दाराशी उभी होती. "मले दिसल्या होत्या कोठ्या," ती म्हणाली. "उठायच्या चार दिवस आधी. माय मोहाले गेली होती, मी झाकण उचलून पाह्यलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? झाकणाले हात लावला म्हणून शिव्या दिल्या असत्या तुने."

मंगलीने पेटीवर झाकण ठेवलं. दिल्याच असत्या.

मग पलीकडच्या गावच्या बुधूकडे हात पसरावे लागले. त्याने आपल्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट दिली, आणि त्याआधी मंगलीला पोटभर हसून घेतलं. तेही तिने गिळलं. ओल्या फडक्यात गुंडाळून चौकट घरी आणली आणि पेटीत बसवली. आता माश्या त्यातूनच नवी राणी करतील, धम्मदीप म्हणाला. मात्र पंचवीस दिवस झाकण उघडायचं नाही. नंतर पोळ्याच्या एकेका घरात एकेकच अंडं दिसलं, की राणी बसली समजायचं.

पंचवीस दिवस! मंगली स्वतःला ओळखून होती. तिसऱ्याच दिवशी तिचा हात झाकणाकडे गेला असता आणि कोठी दिसताच बोटं चालली असती. तिने रंजीताला बोलावलं.

"मी पेटीजवळ आली तर हाकलून लाव मले."

रंजीताला दोनदा सांगावं लागलं नाही. ती भर उन्हात पेटीवरचं पोतं ओलं करायची, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी घालायची, आणि आई सांदवाडीत शिरली की झाडू घेऊन आडवी यायची. मंगली ओसरीवर बसून चरफडायची. पोतं कमी भिजलं, वाटी वाकडी ठेवली, पोरीला अक्कल नाही. पण उठायची नाही.

सव्विसाव्या दिवशी रंजीताने झाकण काढलं. मंगलीचा जीव टांगणीला लागला होता. लेकीने मधली चौकट उचलली, उन्हाकडे तिरपी केली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"माय, अंडी हायत. एका घरात एकच. राणी बसली."

"दाखव इकडे!" मंगलीने हात पुढे केला.

"हात नको लावू. दुरून पाह्य."

तिच्याच सांदवाडीत, तिच्याच पेटीपाशी, तिच्या पोटची पोर तिला हे सांगत होती. मंगलीला राग आला, भयंकर आला. तिने हात मागे घेतला आणि मान पुढे काढून पाहिलं. सुईच्या टोकाएवढी ती अंडी. इतकं बारीक तिच्या डोळ्यांना आता दिसत नव्हतं.

"दिसली," ती म्हणाली.