आफ्रिकेतून धाडलेला कागद

गावात नवा माणूस आला की माझी ओळख करून देणारा हटकून सांगतो, "ह्यांनी आफ्रिका बघितलीया." मग पाहुणा विचारतो, सिंह बघितला का? मी नाही म्हणतो. हत्ती? तोही नाही. पाहुण्याचं तोंड उतरतं आणि मला राग येतो. अरे बाबा, मी काय सर्कशीला गेलो होतो? मी जे बघितलं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आजवर मी सांगितलं नसतं. आता वय झालं. अब्रूची काळजी कमी झाली, म्हणून लिहितो.

आमचं घर माणदेशातलं, मेंढरांचं. पाऊस आमच्याकडे उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून जातो. दिवाळी झाली की थोरला भाऊ कळप घेऊन पश्चिमेकडे निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. घरात दोन भाऊ असले की एक मेंढरामागं आणि एक पलटणीत, ही आमच्याकडची वाटणी. मी धाकटा, म्हणून पलटणीत गेलो. दुसरी मोठी लढाई लागली, आफ्रिकेच्या वरच्या टोकाच्या वाळवंटात मांडीत तोफेच्या गोळ्याचे तुकडे घुसले, आणि मला बोटीत घालून पार आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, दरबान नावाच्या बंदरातल्या लष्करी दवाखान्यात नेऊन टाकलं.

शेजारच्या खाटेवर आष्ट्याचा एक गडी होता. पलटणीत नावापेक्षा गावावरूनच हाक मारायची रीत, त्यामुळे तो 'आष्टा'च. त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, तोंड मात्र मोकळं होतं. घरचा उसाचा बागायतदार. दरबानच्या आसपास बघावं तिकडं ऊस, त्यामुळे हा गडी खुशीत. खिडकीतून बघून रोज शेरे मारायचा, "पाणी जास्त हुतंया ह्यास्नी." मला म्हणायचा, "तुला काय कळनार धनगरा, तुमच्याकडं निवडुंग सोडून काय पिकतंय?"

एक दिवस टपाल आलं. आईनं सांगितलेलं आणि शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं पत्र होतं. माझी बायको बाळंत झाली, मुलगी झाली, आणि आठव्या दिवशी बायको गेली. त्याच आठवड्यात थोरल्या वहिनीचा सात महिन्यांचा मुलगा तापानं गेला. 'थोरलीच्या अंगावर दूध आहे, पण ती तुझ्या पोरीकडे बघत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. पोर शेळीच्या दुधावर आहे, वाळत चालली आहे. तू लवकर ये.'

पत्र दीड महिन्यापूर्वीचं होतं. ते हातात धरून मी तसाच बसलो. बायकोसाठी रडायचं की पोरीसाठी धावायचं, हेच कळेना. आणि धावायला पाय तरी कुठं होता? गोऱ्या डॉक्टरांना दुभाष्यामार्फत विचारलं. ते माणूस म्हणून भले होते, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बोट येईल तेव्हा जाशील, दोन महिने, कदाचित चार. पत्र जाऊन उत्तर यायलाही तेवढेच दिवस. म्हणजे पोर तिकडे जगते की मरते, याचा पत्ताही मला चार महिने लागणार नव्हता. मी खाटेवर पडलो आणि मीही भिंतीकडे तोंड केलं.

आष्ट्यानं दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी त्यानं खटपट केली. उसाच्या मळ्यावरचा एक लॉरीवाला जखमी हिंदी शिपायांना फळं आणून द्यायचा. त्याचे आजोबा मद्रासकडून ऊस तोडायला तिकडे नेलेले, पण मोडकंतोडकं हिंदुस्थानी त्याला येत होतं. उत्तरेला जनावरांसाठी राखून ठेवलेलं रान आहे, रविवारी तिकडे नेतो, असं तो म्हणाला. आष्ट्यानं दवाखान्याची परवानगी काढली आणि मला उठवून बसवलं. "ऊठ. हितं पडून पोरगी मोठी व्हनार हाय व्हय?"

गेलो. पुढे लॉरीवाला, मध्ये आष्टा, कडेला मी काठी घेऊन. कितीतरी कोस नुसता ऊसच होता. मग ऊस संपला आणि बाभळी लागल्या. काटेरी, सपाट डोक्याच्या, अगदी आमच्या माणातल्या. तांबडी माती, पिवळं गवत. पुढे पट्ट्यापट्ट्याची जनावरं दिसली. आष्टा ओरडला, "गाढवास्नी कुनी रंगीवलं रं?" गेंडा बघितला, उभ्या उभ्या झोपला होता, शिंग एवढं मोठं आणि अंगावर चिखल. हरणं तर मोजायच्या पलीकडची होती. एरवी मी वेडा झालो असतो. त्या दिवशी मला सगळ्या कळपांत एकच गोष्ट दिसत होती, कुठलं पिल्लू कुणाला लुचतंय ती.

दुपार कलल्यावर एका माळावर लॉरीमागं काहीतरी धावताना दिसलं. लॉरीवाल्यानं गाडी थांबवली. दोन-चार दिवसांचं वासरू होतं. त्या जातीला तो वाइल्डबीस्ट म्हणत होता. धड गुराचं, तोंड घोड्याचं आणि मोठी झाली की दाढी बोकडाची, अशी ती जात. आई नाहीशी झाली की ही वासरं हलेल त्याच्यामागं जातात, असं तो म्हणाला. आई बहुधा सिंहानं नेली असावी. वासरू लॉरीच्या चाकाला तोंड घासत होतं. रबरात दूध शोधत होतं.

"चला," लॉरीवाला म्हणाला. "ह्याचं काही होत नाही. संध्याकाळपर्यंत तरस खाईल."

मी खाली उतरलो. थोड्या अंतरावर त्याच जातीची एक गाय एकटीच उभी होती, आणि तिच्या पायाशी मेलेलं वासरू होतं. साप चावला असेल, नाहीतर जन्मतःच अशक्त असेल. गिधाडं उतरत होती आणि ती डोकं हलवून त्यांना हुसकत होती. कास तट्ट फुगलेली होती. ते बघून माझ्या डोक्यातला अंधार फाटला. हे काम मला येत होतं!

मेंढीचं पिल्लू मेलं आणि दुसऱ्या पिल्लाची आई मेली, तर आम्ही काय करतो? मेलेल्याचं कातडं काढायचं आणि जिवंत पोरक्या पिल्लाच्या पाठीवर बांधायचं. मेंढी वास घेते, ढुशी देऊन हाकलत नाही, आपलंच म्हणून पाजते. ह्याला आम्ही पिल्लू लावणं म्हणतो. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालतं, तोवर तिचं दूध त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आमच्या घरात हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

लॉरीवाला खूप ओरडला. सिंह जवळ असेल, सरकारी माणूस बघेल, मला तुरुंगात घालाल. मी ऐकलं नाही. लॉरी जवळ नेल्यावर ती गाय शंभर पावलं मागं सरली. मी मांडी ओढत गेलो, आष्ट्याचा चाकू घेतला आणि मेलेल्या वासराच्या पाठीवरचं कातडं सोलून काढलं. माझ्या मांडीला बांधलेली लांब पट्टी सोडली आणि तिनं ते कातडं पोरक्या वासराच्या अंगावर आवळून बांधलं. आष्टा एका हातानं वासरू धरून होता. मग आम्ही लॉरीत बसलो आणि लॉरी मागं घेतली.

गाय आली. आधी मेलेल्याचा वास घेतला, मग ह्याचा. पुन्हा मेलेल्याचा, पुन्हा ह्याचा. तिनं ढुशी दिली नाही. वासरू पोटाखाली शिरलं. ती हलली नाही.

"लावलंस रं गड्या, लावलंस!" आष्ट्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. तो रडत होता की हसत होता, मला सांगता यायचं नाही. रानाचं फाटक बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून लॉरीवाल्यानं गाडी वळवली. ते वासरू प्यायलं का, दुसऱ्या दिवशी जगलं का, हे मी बघितलेलं नाही. मी फक्त एवढंच बघितलं की तिनं ढुशी दिली नाही. तेवढ्यावर माझा विश्वास बसला. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं त्याला एवढंही पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण शब्द आजही पाठ आहेत. 'आई, वहिनीच्या बाळाची कुंची पोरीच्या डोक्यावर घाल. धुवू नको. मग पोर वहिनीच्या मांडीवर ठेव. आपण मेंढीला पिल्लू लावतो तसं लाव. मी इथे करून बघितलं, जमतं. माझं एवढं ऐक.'

आष्ट्याला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि काही न बोलता परत केलं. गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी खुशीत होतो. समुद्रापलीकडे पडून मी माझ्या पोरीसाठी काहीतरी करू शकलो होतो. हे पत्रही पोचायला दीड-दोन महिने लागतील, तोवर तिकडे काय काय झालेलं असेल, याचा मी विचारच केला नाही. मी ते टपालात टाकलं आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

बोट मिळायला पाच महिने लागले. लोणंदला गाडीतून उतरलो तेव्हा वैशाख सरत आला होता. तिथून निम्मी वाट मोटारीनं आणि निम्मी बैलगाडीनं. वाटेत मी मनाशी घोकत होतो की पोर आता बसायला लागली असेल, माझ्या टोपीला हात घालेल, परका माणूस बघून रडेल. रडू दे. तिचं रडणं ऐकायलाच तर चाललो होतो.

अंगणात आई होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. पोर कुठेच दिसत नव्हती. विचारायचं काही राहिलंच नाही. आई हुंदके देत एकच सांगत राहिली, "तुझ्या कागदावाणी समदं केलं रं लेकरा. कायसुदिक कसर ठेवली न्हाई."

भाऊ अजून मेंढरांबरोबर बाहेरच होता. दुपारी आई पाण्याला गेली. वहिनीनं माझ्यापुढे भाकरीचं ताट ठेवलं आणि ती दारात उभी राहिली. माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"भावजी, एक सांगायचं हाय. सासूबाईस्नी ठावं न्हाई. पोर माझ्या अंगावर पीत हुती. तुमचा कागद यायच्या लय आदीपासनं. त्या पान्याला गेल्या की मी तिला घ्यायची. लोकांच्या देखत मला व्हत न्हवतं. माझं लेकरू जाऊन महिना न्हाई झाला, आन मी दुसरं घिऊन बसले, असं कुनी बघावं ह्ये सोसत न्हवतं. म्हनून चोरून पाजायची. चांगली बाळसं धरली हुती. सासूबाईस्नी वाटायचं, शेळीचं दूध मानवलं."

मी ताटाकडे बघत होतो.

"मग तुमचा कागद आला. मास्तरनी वाचला, चार बायका बसल्या हुत्या. सासूबाईंनी पेटीतनं कुंची काढली. मी म्हनलं, नगा. त्या म्हनल्या, पोरानं तिकडनं लिव्हलंया. कुंची घालून मांडीवर ठिवली. वास आला, भावजी. घडीभर मला माझाच परत आला असं वाटलं. मी त्याला हाक मारली. समद्यांच्या देखत. मग कुंची सरकली आन खाली तुमची पोर दिसली."

बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"त्या दिसापासनं दूध आलं न्हाई. लय यत्न केलं. तिला जवळ घेतली की त्योच डोळ्याम्होरं यायचा. चैतात शेळ्या आटल्या. मग काय."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर मी तिचे पाय धरले असते. तिनं तसं काही केलं नाही. "तुमी वाईट मनानं लिव्हलं न्हाई, मला ठावं हाय," एवढं म्हणाली आणि, "जेवून घ्या, भाकरी गार व्हतीया," असं सांगून आत गेली.

मी जेवलो. न जेवलो असतो तर तिला वाटलं असतं, सांगितलं ते चुकलं. आईला आम्ही दोघांनीही ती मरेपर्यंत काही कळू दिलं नाही. माझा कागद अगदी तसाच पाळला, याचं तिला समाधान होतं. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, ते पलटणीनं शिकवलं. शिकवलं नसतं, तर माझी पोर जगली असती.