आकडा आला का?

कर्नल हा शब्द मी आयुष्यभर लष्करापुरता समजत होतो. पन्नाशीत कळलं की कॉम्प्युटरच्या पोटातही एक कर्नल असतो, सगळ्या कामांची वाटणी करणारा मूळ प्रोग्राम. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी आहे. रसायनांच्या टाक्यांमधली पातळी मोजून कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाठवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. त्या पेट्यांतल्या कर्नलमध्ये एक चूक सापडली आणि तिची दुरुस्ती तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी मुळात माहितीपुस्तिका लिहिणारा. पण दोन सह्यांशिवाय आमच्याकडे कुठलाही बदल बाहेर जात नाही, आणि दुसरी सही करणारा नोकरी सोडून पुण्याला गेला होता. "तुमी निदान वाचता तरी," दुरुस्ती लिहिणारी आमची दांडी गावची सहकारी म्हणाली.

चूक अशी, की टाकीशी जोडणी पुरी व्हायच्या आधीच पडद्यावर हिरवा दिवा लागे आणि खाली जुनाच आकडा राही. आमच्या पेट्या बसवलेल्या एका कारखान्यातला ऑपरेटर, सातपाटीचा, पडद्याचा भरवसा नाही म्हणून दर दोन तासांनी शिडी चढून टाकीत मोजपट्टी सोडून बघे. त्याचा उजवा गुडघा दुखरा. पडदा बसवला तेव्हा मालकांनी त्याला झेंडूचा हार घातला होता आणि शिडी आता इतिहासजमा झाल्याचं भाषणात सांगितलं होतं. ऑपरेटरने ते भाषण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसून ऐकलं.

गुरुवारी कारखाना एक दिवस बंद राहणार होता. नवा प्रोग्राम भरायचा तर त्याच दिवशी. बुधवारपर्यंत माझी सही झाली नाही तर पुढच्या बंदपर्यंत ऑपरेटरचं चढणं चालूच.

दुरुस्ती सात ओळींची होती. तिच्यातल्या जोडणीला नॉन-ब्लॉकिंग म्हणतात. प्रोग्राम जोडणी मागतो, पण दारात ताटकळत उभा राहत नाही. मासेवाल्या मावशीला फोनवर पापलेट सांगून आपण आपल्या कामाला लागतो, आणि मावशी दारात आली की हाक मारते, तसं. आमच्या पेटीत जोडण्या दोन होत्या, एकीच्या पोटात दुसरी. आतली नुसती संपर्काची. बाहेरची दोन्ही टोकांची ओळख पटल्यावर पुरी होणारी. हाक मात्र आतली झाली की लगेच यायची. म्हणजे मावशी अजून गल्लीच्या तोंडाशी, आणि आम्ही तवा तापवून बसलेले. सहकारीने ती हाक बाहेरच्या जोडणीला बांधली होती.

एवढं समजायला मला दोन दिवस लागले, तेही उलटं. दुरुस्तीच्या कागदात वजा चिन्हाच्या ओळी काढून टाकलेल्या असतात आणि अधिक चिन्हाच्या नव्या घातलेल्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वजाच्या ओळी वाचून मी मूळ चुकीचंच तोंड भरून कौतुक केलं. सहकारीने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

मंगळवारी चाचणी. कारखान्यात एका पेटीत जुना प्रोग्राम ठेवला, दुसरीत नवा. मी ऑफिसातून ऑपरेटरला फोन करायचा, त्याने पेटी बंद करून चालू करायची आणि हिरवा दिवा लागल्यावर मी विचारायचं, "आकडा आला का?"

"आला, आला."

जुन्या पेटीवर आला. नव्या पेटीवरही आला. पुन्हा केलं, पुन्हा दोन्हीकडे आला. मग दुरुस्त काय केलं होतं?

"म्हणजे चूक हायच नाय?" सहकारीने विचारलं.

"मग तो चढतो कशाला?"

"हौस म्हणून. सर, फोनवर कसली चाचणी करता, जाऊन बघा की."

बुधवारी सकाळी शिफ्टच्या बसने गेलो आणि ऑपरेटरच्या पाठीशी उभा राहिलो. फोन सहकारीने केला. जुन्या पेटीचा हिरवा दिवा लागला, आकडा कालचाच होता, आणि हा शांतपणे म्हणाला, "आला, आला."

"कुठे आला?"

"येतोच हाय ना. बोट खाडीच्या तोंडाला दिसली की आमी आलीच म्हणतो."

जेवायला हाक मारली की मीही खुर्चीतून न हलता "आलो" म्हणतो. कर्नलमधली चूक जशीच्या तशी माझ्या चाचणीत होती.

प्रश्न बदलला. दिवा लागला की आकडा वाचून दाखवायचा. जुन्या पेटीने कालचा आकडा दाखवला. नवीचा दिवा जरा वेळ पिवळा राहिला, मग हिरवा झाला, आणि आकडा ताजा.

"कोनी केलं हे?" ऑपरेटरने विचारलं.

"कर्नलमध्ये बदल केलाय."

"त्या कर्नलला एकदा टाकीवर चढवायला पायजे होता."

मग मी नव्या पेटीची टाकीकडे जाणारी तार काढायला सांगितली. दिवा बराच वेळ पिवळा राहिला आणि मग लाल झाला. जोडणी फसली तर हाक कोण मारतं, हे मला सात ओळींत कुठेच दिसत नव्हतं. सहकारी म्हणाली, ते दुसऱ्या फाइलीत आहे. ऑफिसात परतून ती फाइल दुपारभर वाचली. दुपारनंतर मला सकाळपेक्षा कमी समजत होतं.

"हे का चालतं?"

"चालतं ना."

"पण का?"

"सर, सही करा, नायतर त्याला चढू द्या. तिसरं काय नाय."

मी सही केली. खाली लिहिलं, पाचवी ओळ मला समजलेली नाही. सहकारीचं लगेच उत्तर आलं, "मला पन नीट नाय. बाकीच्या सहा समजल्या."

गुरुवारी नवा प्रोग्राम भरला. शुक्रवारी संध्याकाळी ऑपरेटरला फोन करून विचारलं, आज चढलात का.

"एकदा," तो म्हणाला. "पट्टी नि पडदा सारखंच बोलले."

"मग आता बंद करणार ना चढणं?"

"उद्या एकदा बघतो," तो म्हणाला.