हवालदारांचा खालचा सूर

"पायाला इचारा, बाई. कान फितूर असत्यात," असं म्हणून हवालदार डावा पाय जमिनीवर हलकेच आपटत. सांगलीला विश्रामबागेत आमच्या मागच्याच घरात ते राहत, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून मला 'बाई' म्हणत. मूळचे पलूसचे. सैन्याच्या बँडमध्ये त्यांनी सगळी नोकरी ट्युबा फुंकत काढली. ट्युबा म्हणजे माणसाच्या अंगाला वेटोळं घालणारं ते पितळी धूड. बँडचा सगळ्यात खालचा सूर त्याचा. मुलांनो, परेड पाहताना तुमचं त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल. माझंही कधी गेलं नव्हतं.

एकदा गल्लीतून वरात चालली होती. हवालदार फाटक उघडून थेट ढोलवाल्यासमोर उभे राहिले. "गड्या, नवरदेव पळून निघालाय व्हय? सावकाश." ढोलवाल्याने लय उतरवली. घोडासुद्धा नीट चालू लागला.

पुढे दात गेले, तशी फुंक गेली. डॉक्टरांनी छातीसाठी फुंकायची वाद्यं बंद केली. मुलगा म्हणाला, "आबा, आता भजनात टाळ वाजवा." हवालदार दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

अशात उंब्रजहून त्यांच्या क्लॅरिनेटवाल्या मित्राचा फोन आला. बँडमधले सहाच जण उरले होते. प्रत्येकाने घरीच जुन्या मार्चमधला आपापला भाग वाजवून पाठवायचा आणि मित्राच्या नातीने ते सगळं कॉम्प्युटरवर जुळवायचं, असं ठरलं होतं. ती मुलगी फार गोड बोलली. "आजोबा, तुम्ही त्रास घेऊ नका. तुमचा भाग मशीनवर वाजवून घेते."

हवालदार तडक माझ्याकडे आले. "माझ्या जागी मशीन. मी मेलोय व्हय, बाई? फुंकायला नको आन् सूर खालचाच पायजे, आसं काय हाय ते तुमी इंग्लिशमधी बघा."

मी बघितलं. बेस गिटार त्यांच्या खांद्याला जड आणि आखडलेल्या बोटांना लांब. मग बेस युकुलेले सापडलं. तान्ह्या बाळाएवढं वाद्य, चार जाड तारा, आणि वायरने स्पीकरला जोडलं की आवाज भलामोठा. मी लांबी, वजन, तारांचे प्रकार असा रीतसर तक्ता केला. हवालदारांनी तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला. "चला दुकानात."

वाद्यांच्या दुकानात दोन होती. एकाला धातूच्या तारा, दुसऱ्याला रबरासारख्या.

"नातवासाठी का, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"न्हाई. नातू लय आळशी हाय. मला."

धातूच्या तारांचं वाजवून दाखवल्यावर हवालदारांनी मान हलवली. "ही लय बोलतीया." खरंच, बोट सरकलं की तार चर्र करायची. दुसरं नुसतं छेडलं तर गादीवर थापटी मारल्यासारखं. वायर जोडली आणि कपाटाची काच थरथरली.

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "एकच तार, बाई. हाणत ऱ्हावा." मी जन्मात वाद्याला हात लावला नव्हता. इस्त्रीच्या साडीत उभी राहून तार छेडू लागले, आणि हवालदार गिटारींच्या रांगेतून दारापासून काउंटरपर्यंत मार्च करू लागले. गिऱ्हाइकं बाजूला झाली. मग दुसऱ्या वाद्यावर तेच. धातूच्या तारेवर त्यांचा पाय अडखळत होता. रबरी तारेवर आपोआप पडत होता.

"हीच."

"हिला मागणी कमी असते हो," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"मलाबी कमीच हाय. बांधा."

रबरी तारांना बोटं चिकटत, म्हणून ते कॅरमची पावडर लावत. सराव माझ्याकडेच चाले, त्यामुळे माझा सोफा महिनाभर पांढरा होता. त्यांच्या घरात रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, म्हणून रेकॉर्डिंग माझ्या गाद्यांच्या खोलीत. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन माझ्या हातात. दहा वेळा चुकलं. मुलगा न्यायला आला. "आबा, पुरे की. मशीन करंल."

"मशीनला पाय हायत का?" म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. अकराव्या वेळी जमलं.

चार दिवसांनी उंब्रजच्या मुलीचा फोन. "आजोबा, सुंदर झालंय. फक्त शेवटी सगळे थांबल्यावरही तुम्ही बराच वेळ वाजवलंय, तेवढं मी कापलं."

"जोड परत."

"पण तिथे कुणीच वाजवत नाहीये."

"वाजवत न्हाईत, चालत्यात. बँड थांबला तरी शेवटची रांग मैदानाभायेर पडस्तवर खालचा सूर थांबवायचा न्हाई, ही आमची रीत. तीस माणसं व्हतो आमी, पोरी. सहा उरलो म्हणून बाकीच्यास्नी मैदानातच सोडू?"

तिने जोडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हवालदार गेले. बाराव्याला पलूसला त्यांच्या मुलाने ते रेकॉर्डिंग लावलं. क्लॅरिनेट थांबलं, बाकीची वाद्यं थांबली. एक पाहुणे संपलं असं समजून फोन बंद करायला पुढे झाले. मुलाने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, मामा. आजून माणसं चालत्यात."

आम्ही सगळे अंगणात चहाचे कप हातात घेऊन उभे होतो. खालचा सूर एकटाच चालला होता, जड, सावकाश. कुणी खाली बसलं नाही.