कडुलिंबाची फांदी, जी माझी नव्हती

मारोतीअण्णांनी लेकीसाठी केलेली वस्तू मी एका साहेबांना देऊन टाकली.
न विचारता. स्टेजवर. टाळ्या वाजत असताना.

आज अण्णांचा तेरावा.
इतके दिवस सगळे त्यांच्याबद्दल लिहीत आहेत. एकाने आमचा दोघांचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, "ताईंनी अण्णांना जगासमोर आणलं."

तेवढं वाक्य काढून टाका, प्लीज. का, ते सांगते.

अण्णांचं पूर्णेला स्टेशनकडच्या रस्त्यावर छोटं दुकान होतं. फोटोंच्या फ्रेमा करायच्या, खिडक्यांना काचा बसवायच्या.
जुनी घरं पाडताना दारांवरच्या रंगीत काचा निघायच्या, त्या ते गोळा करायचे. कापायच्या, कडेला तांब्याची पट्टी चिकटवायची, तुकड्याला तुकडा कथलाचा डाग देऊन जोडायचा.
पक्षी व्हायचे. दिवे व्हायचे. खिडकीत टांगायची फुलं व्हायची.

दर रविवारी ते बसने आमच्या गावी यायचे, ताडकळसच्या पुढे. समाजमंदिरात आमचं कलामंडळ भरायचं. बाहेर मुलींचं लेझीम, आत भजनाची पेटी, आणि खिडकीपाशी अण्णा आणि दहाबारा बाया, बोटांना चिंध्या गुंडाळून काच घासत बसलेल्या.

त्यांचा नियम एकच. भेट द्यायची तर तिच्यात एक तरी तुकडा देणाऱ्याच्या घरचा पाहिजे.
फुटलेली बरणी, चष्म्याची काच, काहीही.
"समदी बाजारातली लावली तर ती दुकानदाराची भेट झाली की गं."

कोंडाबाई म्हणाली होती, "अण्णा, आमच्या घरात तर नवऱ्याच्या बाटल्याच हायेत!"
"आण की. हिरवी असंल तर पोपट करू."
आणि केला. तो पोपट तिने भाचीच्या लग्नात दिला. भाचीच्या सासरी कुणाला अजून माहीत नाही.

मी ग्रॅज्युएट झाले तेव्हा आईने मला अण्णांकडून शिकून केलेलं मोराचं पीस दिलं. त्याचा डोळा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा आहे.

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, गेल्यावर त्यांच्या फुटक्या हिरव्या बांगड्या अण्णांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या.
लेकीने, सुनीताताईने, जिंतूरला घर बांधलं. दारावर लावायला अण्णांनी कडुलिंबाची फांदी करायला घेतली. प्रत्येक पानाची शीर म्हणजे काकूंच्या बांगडीचा तुकडा. चार महिने लागले.

हे सगळं मला माहीत होतं. हेच सांगायचंय. मला माहीत होतं.

आमच्या मंडळाचं पहिलं प्रदर्शन होतं. परभणीहून एक साहेब पाहुणे म्हणून आलेले. शाल होती, नारळ होता. सन्मानचिन्ह ज्याच्याकडे होतं त्याची बस चुकली.
घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून गावात माईक नेहमी माझ्याच हातात देतात. त्या दिवशीही माझ्याच हातात होता. मी "स्थानिक कलाकाराचा सन्मान" या विषयावर बोलत होते.
मागच्या टेबलावर फांदी होती. अण्णांनी बायांना दाखवायला आणलेली.
अण्णा बाहेर चहा प्यायला गेले होते.

वाटलं, अण्णा दुसरी करतील.

ते आत आले तेव्हा साहेब फांदी हातात धरून फोटो काढून घेत होते. अण्णा मागच्या खुर्चीत बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

नंतर मी म्हणाले, "सॉरी अण्णा. आठ दिवसांत परत आणते."
"आसू दे. साहेबाला मागतेत व्हय? मंडळाच्या खोलीचं काम अडकंल."

खोलीचा अर्ज खरंच साहेबांच्या टेबलावर होता. अण्णांचं ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. माझ्या फार सोयीचं होतं.

खोली मिळाली. तरी मी फांदी परत मागितली नाही. आता कसं मागायचं, काय म्हणतील.
असं करत वर्ष गेलं. अण्णांनी एकही रविवार चुकवला नाही.

एकदाच विचारलं त्यांनी. "गेलतीस का परभणीला?"
"जायचंय अण्णा." मग मीच म्हणाले, "तोवर दुसरी करा ना."
"बांगड्या सरल्या," म्हणाले आणि काच घासायला लागले.

मग ते गेले. दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या.

चौथ्या दिवशी मी परभणीला साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने स्टुलावर चढून माळ्यावरून एक पुडकं काढलं.
"हेच का? आम्ही उघडलंसुद्धा नाही हो. न्या की. एक फोन करायचात!"
दहा मिनिटं लागली. त्यात चहाही झाला.

काल जिंतूरला गेले. सुनीताताईच्या दारावर चौकोनी जागा सोडलेली, तिथे पत्रा ठोकलेला.
"बाबा म्हणायचे, थोडं काम राहिलंय, पत्रा राहू दे."
वर्षभर अण्णा लेकीला हेच सांगत होते. माझं नाव एकदाही घेतलं नाही.

मी घेतलं. सगळं सांगितलं.
ती पानांवरून बोट फिरवत होती. "तुला माहीत होतं, ह्या आईच्या बांगड्या हायेत?"
"हो."
ती "आसू दे" म्हणाली नाही.
आतून स्टूल आणलं. "धर," म्हणाली. वर चढली, पत्रा काढला.

तिने माफ केलं असं कमेंटमध्ये लिहू नका. केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

अण्णा, फांदी जागेवर लागली. सकाळचं ऊन तिच्यातून थेट ओसरीवर येतं.
ते तुम्ही बघायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं.

तुम्हाला नमस्कार, अण्णा.